आजोबांची बोट : एक फुटाला एक सूत

वाशिष्ठीकाठ | ९ जुलै

नमस्कार मंडळी. बरीच वर्षं इथे नुसती वाचतेय. आज पहिला धागा काढतेय, कारण काम अर्ध्यावर आलंय आणि पुढे जायला जाणकारांची मदत हवी आहे.

माझे आजोबा दुसऱ्या महायुद्धात रॉयल इंडियन नेव्हीत स्टोकर, म्हणजे बोटीचे बॉयलर सांभाळणारे होते. गावात त्यांना शेवटपर्यंत 'आगवाला'च म्हणत. दाभोळच्या खाडीकाठी आमचं गाव. तिथून आणि अख्ख्या रत्नागिरी जिल्ह्यातून किती पोरं आरमारात गेली, हे इथल्या कोकणातल्या लोकांना सांगायला नको. आजोबा गेले तेव्हा मी नऊ वर्षांची होते. खांद्यावर कायम एक पंचा. तिन्हीसांजेला ओटीवर बसले की खाडीकडे तोंड.

घरात लहानपणापासून ऐकलेली गोष्ट अशी : आजोबा 'बंगाल' नावाच्या बोटीवर होते आणि त्या बोटीने जपान्यांची भलीमोठी बोट बुडवली. काका ही गोष्ट दर दिवाळीला सांगायचे, अजूनही सांगतात. आता काका ८१ वर्षांचे आहेत. ते आहेत तोवर ती बोट त्यांच्यासमोर ठेवायची, असं मी मनाशी ठरवलंय.

आजोबांच्या वस्तू फारशा उरल्या नाहीत. २२ जुलै २०२१ ला चिपळूणला पूर आला तेव्हा आमच्या घरात माळ्यापर्यंत पाणी होतं. त्यांची पत्र्याची ट्रंक चिखलाने भरली. आतले कागद, गणवेशातला एकुलता एक फोटो, सगळ्याचा लगदा झाला. ट्रंक धुताना तळाशी एक पितळेचा सहा टोकांचा तारा हाताला लागला. रिबिनीचे तीन-चार धागे तेवढे कडीला चिकटलेले होते.

आता कामाबद्दल. मी ड्राफ्ट्समनचं काम करते, त्यामुळे नकाशे वाचता येतात. लाकूडकाम मात्र वडिलांकडे बघून शिकलेलं. 'बंगाल' ही बाथर्स्ट वर्गातली, म्हणजे एकाच नकाशावर बांधलेल्या बोटींपैकी एक. या वर्गाच्या ६० बोटी ऑस्ट्रेलियात बांधल्या, त्यातल्या चार आपल्या आरमारासाठी : बंगाल, बॉम्बे, मद्रास आणि पंजाब. लांबी १८६ फूट, रुंदी ३१ फूट. मी १:९६ हे प्रमाण धरलंय. सुताराच्या भाषेत एक फुटाला एक सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग). म्हणजे बोट १८६ सूत लांब, सव्वातेवीस इंच. वडिलांच्या जुन्या फूटपट्टीवर थेट मोजता येतं, गुणाकार-भागाकार नको.

सांगाडा आडव्या थरांचा आहे : फळ्या आकारात कापून एकावर एक चिकटवल्या, मग रंध्याने आणि कानशीने गोलाई दिली. आंब्याचं लाकूड घरात होतं तेच वापरलं. पण पाऊस सुरू झाल्यापासून दुसऱ्या आणि तिसऱ्या थराच्या मध्ये फट पडायला लागलीय. लांबी (पुट्टी) भरली, आठवड्यात परत उकलली. काय करू?

---

पटाशी | ९ जुलै

ताई, लांबी भरून ही फट बुजणार नाही. लाकूड ओलं आहे, ते हलतंय. आम्ही सावंतवाडीकडचे, घरात तीन पिढ्या लाकडाची खेळणी. आंबा पांगारा आम्हीही वापरतो, पण वस्तू लहान असते. दोन फूट लांबीच्या कामाला पावसाळ्यात कापलेला आंबा नको. शिवण घ्या. हलकी असते, पटाशीखाली लोण्यासारखी कापते आणि एकदा वाळली की वाकत नाही. सगळे थर कापताना आडवे रेषे एकाच दिशेला ठेवा.

आणि थर भरीव ठेवू नका. मधला भाग कोरून काढा, नुसती कडी राहू दे. भरीव ठोकळा बाहेरून वाळतो, आतून ओला राहतो, म्हणून फाटतो. जे झालंय ते बाजूला ठेवून पुन्हा सुरू करा असंच सांगेन. वाईट वाटून घेऊ नका.

---

निवृत्त_मेकॅनिशियन | १० जुलै

वाशिष्ठीकाठ, मी नौदलात इंजिनरूममध्ये २२ वर्षं काढली. तुमच्या आजोबांच्याच खात्यातला म्हणा ना. धागा वाचून बरं वाटलं.

एक विचारतो. त्या ताऱ्याची मागची बाजू पाहिलीत का? इंग्लंडच्या शिपायांना महायुद्धातले हे तारे (पदकं) कोरेच मिळाले, पण हिंदुस्थानी सैन्याच्या ताऱ्यांवर मागे नंबर आणि नाव ठोकलेलं असायचं. नंबर मिळाला तर नोंद शोधता येते. मानखुर्दला चित्ता कॅम्पात ब्युरो ऑफ सेलर्स आहे, तिथे लिहून विचारा. जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयातही जाऊन या.

आणि कृपा करून ताऱ्याला चिंच किंवा राख लावू नका. साबणाचं कोमट पाणी आणि मऊ ब्रश, बस.

---

वाशिष्ठीकाठ | १० जुलै

मेकॅनिशियन काका, आत्ता हात थरथरतायत. चार वर्षं हा तारा कपाटात आहे आणि मी एकदाही उलटा करून पाहिला नाही. चिखलाचा पापुद्रा होता. दात घासायच्या जुन्या ब्रशने हळूहळू काढला. नंबर आहे. त्याच्यापुढे एसटीओ (स्टोकर) अशी अक्षरं आणि मग आजोबांचं नाव, आडनावाचं स्पेलिंग चुकीचं, पण त्यांचंच.

उद्या पत्र टाकते. पटाशीदादा, शिवणीच्या फळ्या मागवल्या.

---

जुनीपानं | १२ जुलै

पत्राचं उत्तर येईपर्यंत 'बंगाल'ची गोष्ट थोडक्यात लिहितो, कारण ती खरोखर घडलेली आहे.

११ नोव्हेंबर १९४२. 'ऑन्डिना' हा डच तेलवाहू ऑस्ट्रेलियातल्या फ्रीमँटलहून दिएगो गार्सियाकडे निघाला होता, सोबतीला राखणदार म्हणून 'बंगाल'. वाटेत 'होकोकू मारू' आणि 'ऐकोकू मारू' या दोन जपानी सशस्त्र बोटी आल्या. एकेक दहा हजार टनांहून मोठी. आपली बंगाल साडेसहाशे टनांच्या आसपास. पळून जायच्या ऐवजी तिने तोंड त्यांच्याकडे वळवलं, म्हणजे तेलवाहूला निसटायला वेळ मिळावा. होकोकू मारूच्या पिछाडीला गोळा लागला, मोठा स्फोट झाला आणि ती बुडाली. तो गोळा बंगालचा की ऑन्डिनाचा, यावर अजून दोन मतं आहेत. ऑन्डिनाचा कप्तान त्या लढाईत गेला, पण उरलेल्या खलाशांनी तेलवाहू परत फ्रीमँटलला नेला. बंगालही वाचली.

तुमचे काका दर दिवाळीला सांगतात त्यात नवल नाही. एक विचारू का? आजोबा स्वतः काय सांगायचे?

---

वाशिष्ठीकाठ | १३ जुलै

जुनीपानं, या प्रश्नाने रात्रभर झोप लागली नाही. आजोबा फार बोलायचेच नाहीत. आत्याला फोन केला. तिच्या आठवणीत त्यांचं एकच वाक्य आहे, ते जसंच्या तसं देते : "आमी खालतीच असायचो गो. शिडनीत रात्री दनका बसला नि वरचे दिवे गेले, येवढाच म्हाईत."

बुडालेल्या जपानी बोटीबद्दल त्यांच्या तोंडून कधी ऐकलं नाही, असं आत्या म्हणते.

---

जुनीपानं | १३ जुलै

सिडनी, रात्र, दणका, दिवे. ताई, ही ३१ मे १९४२ ची रात्र असणार. जपान्यांच्या तीन छोट्या पाणबुड्या सिडनी बंदरात शिरल्या होत्या. 'शिकागो' या अमेरिकन क्रूझरवर सोडलेला पाणतीर चुकला आणि 'कुट्टाबुल' या बोटीखाली फुटला. २१ खलाशी गेले. ते मध्यरात्रीनंतर साडेबाराच्या सुमारास, आणि त्याच्या थोडंच आधी गार्डन आयलंडच्या गोदीवरचे मोठे दिवे मालवले होते.

त्या रात्री आपली एक बोट बंदरात होती. 'बंगाल' नव्हे, ती ऑगस्टपर्यंत आरमारात दाखलच झाली नव्हती. होती ती एचएमआयएस (हिज मॅजेस्टीज इंडियन शिप) बॉम्बे.

---

वाशिष्ठीकाठ | १९ नोव्हेंबर

चार महिने गप्प होते, माफ करा. मध्ये एका कार्यालयात तीन हेलपाटे झाले, अर्ज गहाळ झाला, पुन्हा दिला. अखेर परवा नोंदीची प्रत आली.

एकच पान. भरतीची तारीख, हुद्दा स्टोकर, आणि बोटीच्या रकान्यात : एचएमआयएस बॉम्बे, १९४२ पासून. बंगालचं नाव कुठेही नाही.

रविवारी काकांकडे गेले. कागद दाखवला. ते बराच वेळ चष्मा लावून वाचत राहिले आणि मग म्हणाले, "मी पोरांना साठ वर्षं खोटं सांगितलं का?" मला काही बोलताच येईना. काकूने चहा आणला, तो तसाच निवला. निघताना म्हणाले, "बंगालच कर. दोन्ही सारख्याच होत्या म्हणतेस ना? कुणाला कळणार आहे?"

बोटी सारख्याच, हे खरं. शिवणीचा नवा सांगाडा आता पूर्ण झालाय, आतून पोकळ, एवढा पावसाळा गेला तरी केसभरही फट नाही (पटाशीदादा, तुमचे उपकार). बाजूला बोटीचा नंबर 'जे २४३' लिहिला की बंगाल, 'जे २४९' लिहिला की बॉम्बे. दोन आकड्यांचा प्रश्न. पण तो मला सुटत नाहीये. काकांना दुखवायचं नाही. आणि आजोबांच्या नावाने दुसऱ्याची लढाईही लावायची नाही.

---

निवृत्त_मेकॅनिशियन | १९ नोव्हेंबर

जे २४९ लिहा. माझ्या मनात जराही शंका नाही.

बंगालवर जे होते त्यांची नावं आहेत, घरं आहेत, त्यांचीही नातवंडं आहेत. ती लढाई त्यांची. तुमच्या आजोबांची रात्र वेगळी. कडाडून आवाज झाला, वर काय चाललंय ते कुणी सांगायला नाही, आणि माणूस बॉयलरसमोर उभा आहे. वाफ धरून ठेवायचा हुकूम असेल तर तो जागचा हलत नाही. मी खाली काम केलंय, ते उभं राहणं काय असतं ते मला ठाऊक आहे. काकांना माझ्याकडून हे सांगा.

---

सह्यकडा | २० नोव्हेंबर

विषय वेगळा आहे, पण मनापासून विचारतो, राग मानू नका. या बोटीच्या मागच्या काठीवर इंग्रजांचा झेंडा असणार. ज्या लढाईबद्दल आपल्या लोकांना कुणी विचारलंही नाही, तिचा मान कसा करायचा? माझे पणजोबा ४२ च्या चळवळीत येरवड्याला होते. त्याच वर्षी तुमचे आजोबा त्या झेंड्याखाली. निदान तिरंगा तरी लावा.

---

निवृत्त_मेकॅनिशियन | २० नोव्हेंबर

सह्यकडा, तुमच्या पणजोबांना नमस्कार. पण याच खलाशांची पुढची गोष्टही लक्षात घ्या. १८ फेब्रुवारी १९४६ ला कुलाब्याच्या 'तलवार' या सिग्नल शाळेतून संप सुरू झाला, तो निकृष्ट जेवणावरून आणि गोऱ्या अधिकाऱ्यांच्या शिव्यांवरून. बघता बघता ७८ बोटी आणि वीस हजारांच्या आसपास खलाशी त्यात आले. बोटींवर काँग्रेसचा, लीगचा आणि लाल असे तिन्ही झेंडे एकत्र चढले. मुंबईच्या रस्त्यांवर गोळीबारात शेकडो माणसं गेली. संप करणारी ती हीच पोरं, युद्धातून परत आलेली.

---

वाशिष्ठीकाठ | २१ नोव्हेंबर

सह्यकडा, रागाचं काहीच नाही, हा प्रश्न आमच्या घरातही झाला. आत्याला तिरंगाच हवाय.

आजोबांच्या पानावर शेवटची ओळ मार्च १९४६ ची आहे, सेवामुक्त. कारणाचा रकाना कोरा. संपानंतर लगेचचा महिना आहे, म्हणून मलाही वाटून गेलं की ते त्यात असतील. पण बंगालची गोष्ट अशीच तयार झाली असणार, कुणालातरी वाटलं आणि ते सांगत गेले. कोऱ्या रकान्यात मी काही भरणार नाही.

बोट १९४२ च्या मे महिन्यातली आहे, तर झेंडाही तेव्हाचाच : मागे पांढरा एन्साइन (ब्रिटिश आरमाराचा झेंडा), पुढच्या काठीवर निळा, त्यावर स्टार ऑफ इंडिया हे चिन्ह. आकडा जे २४९. काकांना मी समजावेन.

आता खरी अडचण. बोट पूर्ण झाली तर तिच्यात आजोबा कुठे दिसणार? तोफा, कप्तानाचा ब्रिज, डोलकाठी, पाणबुड्यांवर टाकायच्या बाँबच्या रांगा, सगळं वरचं. ते तर खालती असायचे. वर त्यांचं म्हणून जे आहे ते एवढंच : धुराडं, हवा खाली नेणारे भोंगे आणि खाली उतरायची झाकणं. झाकण उघडं ठेवून आत एक बारीक पिवळा दिवा लावावा का?

---

निवृत्त_मेकॅनिशियन | २१ नोव्हेंबर

दिवा नको. युद्धकाळात रात्री बोटीवरून उजेडाची तिरीप बाहेर जाणं म्हणजे सगळ्यांच्या जिवाशी खेळ. आजोबांनी ते कधीच होऊ दिलं नसतं.

तुमचा सांगाडा पोकळ आहे ना? मग बाजूची एक फळी काढता-घालता येईल अशी करा आणि आतला बॉयलर दाखवा. या बोटींना तेलावर चालणारे दोन बॉयलर होते, तीन पिंपांचे : एक वर, दोन खाली, मध्ये नळ्यांची दाट रांग, समोरून पाहिलं तर उलटा व्ही. स्टोकर फावड्याने कोळसा मारायचा हे चित्र इथे लागू नाही. तो तेलाचे फवारे सांभाळायचा, काचेच्या नळीतली पाण्याची पातळी बघायचा, आणि धुराड्यातून काळा धूर जाणार नाही इकडे लक्ष ठेवायचा. काळा धूर मैलोगणती दुरून दिसतो.

---

यारा_काठची | २३ नोव्हेंबर

मी मेलबर्नला असते. तुम्हाला माहीत आहे का, या वर्गाची 'कॅसलमेन' ही बोट इथे विल्यम्सटाउनच्या धक्क्यावर संग्रहालय म्हणून जपली आहे? (दुसरी 'व्हायॅला', साउथ ऑस्ट्रेलियात, ती जमिनीवर आणून ठेवलीय.) शनिवारी जाते. काय काय मोजून आणू ते लिहा.

---

यारा_काठची | ३० नोव्हेंबर

जाऊन आले. ८४ फोटो तुम्हाला पाठवले आहेत, प्रत्येकात शेजारी टेप धरलाय. स्वयंसेवक आजोबांना तुमची गोष्ट सांगितली तर त्यांनी स्वतः टेपचं दुसरं टोक धरलं.

फोटोत येत नाही ते लिहिते. खाली जायची शिडी जवळजवळ उभी आहे. तोंड शिडीकडे करूनच उतरावं लागतं, दोन्ही हात लोखंडावर. पायऱ्यांच्या कडा मध्यभागी झिजून गुळगुळीत झाल्यात. खाली दोन माणसं समोरासमोर आली तर एकाला अंग चोरावं लागेल. यंत्रं आता थंड आहेत, तरी तेलाचा वास अजून आहे. मी शिडीखाली उभी राहून वर पाहिलं. चौकोनी झाकणाएवढंच आकाश दिसतं.

---

वाशिष्ठीकाठ | २ फेब्रुवारी

कामाचा अहवाल.

भोंगे : तांब्याची पातळ नळी, तोंडाला लहान पळीच्या पाठीवर ठोकून खोलगट केलेला पत्रा, मागून डाग दिला. पहिले पाच टाकून दिले, सहावा जमला. कठडे जुन्या मोटारीच्या तारेचे. झेंडे पतंगाच्या कागदावर रंगवले, फेव्हिकॉलचं पाणी लावून ओले असतानाच चुण्या दिल्या.

डाव्या बाजूची फळी निघते. आतले बॉयलर शिवणीच्या तीन गोल काठ्यांचे, नळ्यांच्या जागी झाडूच्या हिराच्या काड्या, एकेका बॉयलरला ११० काड्या. शिडी यारा_काठचीच्या मापाने, पायऱ्यांच्या कडा कानशीने मध्यभागी किंचित झिजवल्या. कुणाला दिसणार नाहीत, पण आहेत.

आणि बॉयलरसमोर एक माणूस. साडेपाच सूत उंच, तारेचा सांगाडा, वर एम-सील. पाठ आपल्याकडे, मान जरा वर, काचेच्या नळीकडे बघतोय. चेहरा करायचा नाही असं आधीच ठरवलं होतं, कारण फोटो पुरात गेला आणि मला जो आठवतो तो म्हाताऱ्या आजोबांचा. हा माणूस बावीस वर्षांचा आहे. खांद्यावर मात्र पंचा टाकला, चहाच्या गाळणीच्या कापडाचा एक धागा.

---

पटाशी | २ फेब्रुवारी

ताई, फोटो आईला दाखवला. ती म्हणाली, पाठीवरूनच कळतं माणूस कामात आहे.

फळीच्या कडेला मेण चोळा, पावसाळ्यात अडकणार नाही.

---

वाशिष्ठीकाठ | १२ एप्रिल

काल बोट काकांकडे नेली. मोटारीत मांडीवर धरून, वरती ओढणी.

जे २४९ हा आकडा त्यांनी आधी पाहिला. काही बोलले नाहीत. मग निवृत्त_मेकॅनिशियन काकांचं ते वाक्य मी मोबाइलवरून वाचून दाखवलं, बॉयलरसमोर उभं राहण्याचं. त्यांनी पुन्हा एकदा वाचायला सांगितलं.

फळी काढली. त्यांनी टॉर्च मागवला, टेबलाला टेकून खाली वाकले आणि कितीतरी वेळ आत बघत राहिले. मला वाटलं पाठ धरली असेल, म्हणून हात द्यायला गेले तर हातानेच थांबवलं. मग म्हणाले, "पंचा उजव्या खांद्यावर टाकलास. ते डाव्या खांद्यावर टाकायचे. उजव्या हातात कायम कॉटन वेस्टचा बोळा असायचा, घरीसुद्धा. आई ओरडायची."

हे मला माहीत नव्हतं. आत्यालाही नव्हतं.

बोट परत घेऊन आलेय. पंचा बदलायचा आहे आणि हातात बोळा द्यायचा आहे. काकांनी अट घातलीय की मी ते करताना त्यांना शेजारी बसू द्यायचं. शनिवारी त्यांना आणायला जातेय.

पटाशीदादा, एम-सील पक्कं झालंय. खांदा न मोडता जुना पंचा सोडवायला काय वापरू?